गुडघेदुखीची आजी, चार वर्षांची लेक आणि डोंगरातला तलाव: नागपूरहून कुठे जावं आणि तिथे करायचं काय?

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला, आणि उत्तर जरा लांबच होऊन राहिलंय, सवडीने वाचा. तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात तीन दिवस दोन रात्री मिळतात, मनीषनगरहून स्वतःच्या गाडीने निघायचं, सोबत बायको, चार वर्षांची मुलगी, दहा वर्षांचा मुलगा, गुडघ्यांचा त्रास असलेली आई आणि बाबा. डोंगरात तलाव असलेली जागा पाहिजे, चिखलदरा, खिंडसी आणि नवेगाव बांध अशी तीन नावं डोक्यात आहेत, आणि तिथे सगळ्यांना मजा येईल अशा ॲक्टिव्हिटींची यादी द्या.

मी नागपूरहून कुटुंबांची आणि शाळेच्या मुलांची निसर्ग शिबिरं नेते, बरीच वर्षं झाली आता, त्या अनुभवावरून सांगते. तुमची अडचण यादीची नाहीच. तुमची अडचण ही आहे की एका गाडीत चार वेगवेगळी वयं बसणार आहेत आणि त्या चौघांचं घड्याळ वेगळं चालतं. चार वर्षांची पोरगी सहाला उठणार, दहाला भुकेली होणार आणि एकला जिथे असेल तिथे झोपणार. दहा वर्षांच्या पोराला एका जागी पंधरा मिनिटं बसवणं कठीण. बाबांना बहुतेक पहाटे फिरायची सवय असेल. आई तासन् तास छान बसू शकतील, पण वीस पायऱ्या चढायच्या म्हटलं की त्यांचा अख्खा दिवस खराब. आता या सगळ्यांना धरून बांधून "चला आता पुढचा पॉइंट" केलं की काय होतं, सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला आपण ओझं झालो असं वाटतं आणि सगळ्यात चपळ माणूस कंटाळतो, आणि तुम्ही दोघं नवराबायको मधल्या मधे दोन्हीकडे समजूत घालत बसता.

म्हणून जागा निवडताना मी एकच गोष्ट बघते: अर्धं कुटुंब बसलेलं असताना अर्धं कुटुंब फिरू शकतं का, आणि तरी दोघं एकमेकांच्या नजरेत राहतात का. सगळ्यांनी सगळं सोबत करायलाच पाहिजे हा हट्ट सोडा. जेवायला सोबत, बोटीत सोबत, रात्री सोबत, बाकी ज्याचं त्याचं. तलाव यासाठीच चांगला, कारण काठावर खुर्ची टाकून बसलेल्या आजीला पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, पळणारा नातू दिसत राहतो आणि नातवाला आजी दिसत राहते.

आता तुमच्या तीन नावांबद्दल.

खिंडसी एका दिवसाची जागा आहे, आणि एका दिवसासाठी तिच्यासारखी जागा नागपूरजवळ नाही. जबलपूर रोडने मनसरपर्यंत जायचं, तिथून रामटेक, आणि रामटेकच्या पलीकडे टेकड्यांमध्ये हा तलाव. पण दोन रात्रींसाठी नको. बोटिंग होतं, जेवण होतं, मग पोरं विचारतात आता काय. रविवारी गर्दी आणि आवाजही फार. तुम्हाला उद्या एकच दिवस मिळाला तर मात्र डोळे मिटून खिंडसी करा, सकाळी आधी रामटेकच्या गडावर जा, गाडी बरीच वरपर्यंत जाते त्यामुळे आईंना थोड्याच पायऱ्या पडतील. वर वराहाची मोठी दगडी मूर्ती आहे, तिच्या पोटाखालून सरपटत निघायचं असतं, निघाला तो निष्पाप अशी समजूत, मुलांना दुसरं काही आठवत नाही पण हे आठवतं. गडावर नरसिंहाची वाकाटक राजांच्या काळातली देवळं आहेत, पाचव्या शतकातली, बाबांना दगडकामाची आवड असेल तर त्यांना तिथे वेळ द्या. माकडांपासून हातातली पिशवी तेवढी सांभाळा.

चिखलदरा मला स्वतःला फार आवडतं, पण तुमच्या या ट्रिपसाठी मी नाही म्हणेन. विदर्भातलं एकमेव थंड हवेचं ठिकाण, उंची ११०० मीटरच्या वर, कॉफी पिकते, जवळ गाविलगडासारखा किल्ला. तुमच्या दहा वर्षांच्या मुलाला सांगा की हा गड नागपूरच्या भोसल्यांकडे होता आणि १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेने तो घेतला, म्हणजे तुमच्या ट्रिपच्याच महिन्यात. पण एक म्हणजे नागपूरहून अमरावती-परतवाडा करत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास जायचं, परतवाड्यानंतर घाटाची वळणं, मागच्या सीटवर चार वर्षांचं लेकरू असेल तर उलट्यांची तयारी ठेवूनच निघायचं. दुसरं म्हणजे तिथला शक्कर तलाव छान असला तरी लहान आहे, तिथला दिवस तलावाभोवती फिरत नाही तर पॉइंटांभोवती फिरतो. भीमकुंड, पंचबोल, देवी पॉइंट, प्रत्येक ठिकाणी गाडीतून उतरा, खडबडीत वाटेने चाला, कठड्याशी पोरांचे हात घट्ट धरा, परत चढा. गुडघेवाल्या माणसाला चालण्यापेक्षा हे दहा-दहा वेळा गाडीत चढणं-उतरणं जास्त त्रास देतं, हे मी शिबिरांत कायम बघते. तुमची मुलगी सात-आठ वर्षांची झाली की पावसाळ्यात जा, धुक्यात चिखलदरा बघण्यासारखंच असतं.

उरलं नवेगाव बांध, आणि माझं मत तिथेच. भंडारा, लाखनी, साकोली करत कोहमाऱ्यापर्यंत हायवे, तिथून उजवीकडे वळायचं. नागपूरहून सगळं मिळून १४०-१५० किलोमीटर, चहापाण्यासकट साडेतीन तास धरा. घाट नाही. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात हा तलाव आहे, सगळीकडून डोंगर आणि मधे पाणी, आजूबाजूच्या या डोंगरांना सात बहिणी म्हणतात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी या माणसाने तो बांधला असं सांगतात. कोहळी समाज म्हणजे या भागातले तलाव बांधणारे हात, भंडारा-गोंदियातले ते शेकडो मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारांचे) तलाव, त्यात त्यांचा वाटा फार मोठा. कोलू पाटलाला लोकांनी पुढे देव केलं, कोलासुर म्हणून त्याचं ठाणं तिथल्याच एका डोंगरावर आहे. तलावाभोवतीचं जंगल १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१३ पासून तो सगळा पट्टा नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात येतो.

हे इतिहास म्हणून नाही सांगत, तलाव कसा बांधला हे कळलं की तिथे काय कुठे करायचं ते आपोआप कळतं. दोन डोंगरांमधल्या खिंडीत मातीची पाळ घातली आणि मागे पाणी अडवलं, असा हा प्रकार. म्हणजे पाणी सगळ्यात खोल असतं पाळीजवळ, आणि जिथून ओढे येतात त्या दूरच्या टोकाला उथळ होत जातं, तिथे गाळ, वनस्पती, कमळाची पानं. बदकांची आणि बाकी पाणपक्ष्यांची गर्दी बहुतेक त्या उथळ बाजूला. लोकांना वाटतं पाळीजवळ पायऱ्या आहेत, माणसं आहेत, म्हणजे तिथे पोरांना पाय भिजवू द्यायला हरकत नाही. नाही भाऊ, तिथे दोन पावलांत खोली वाढते. आणि उथळ बाजू बघायला सोपी वाटते पण तिथे गाळात पाय रुततो आणि वेली पायांना गुंडाळतात, पोहता येणारा मोठा माणूसही तिथे घाबरतो. म्हणून माझा नियम सरळ आहे, तलाव बघायचा, बोटीतून फिरायचा, पण उतरायचं नाही, घोट्यापर्यंतही नाही. नागपूरच्या आसपास दरवर्षी धरणांवर, तलावांवर तरणीताठी मुलं बुडून जातात, बहुतेक वेळा फोटोसाठी किंवा जरासे पाय भिजवायला उतरलेली. चार वर्षांच्या मुलीसाठी काठावर एक मोठा माणूस ठरवून द्या, हाताच्या अंतरावर, आणि दर तासाला बदला. "सगळे आहेत ना" म्हणून सोडलं की नेमकं कोणीच बघत नसतं.

आता दिवस कसा लावायचा ते सांगते. तलावाचे सगळ्यात चांगले तास दोन, सकाळचे आणि संध्याकाळचे, दुपार कामाची नाही. कारण साधं आहे, रात्रभर हवा शांत असते म्हणून सकाळी पाणी काचेसारखं असतं, मग ऊन चढलं की जमीन आणि डोंगर तापतात, दहा-अकराच्या पुढे वारा सुटतो, लाटा उठतात, पक्षी आडोशाला जातात, बोटही डुलायला लागते. डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या सुमाराला उगवतो आणि साडेपाचला बुडतो. सकाळी धुकं असेल तर ते उठेपर्यंत बोट काढायची नाही. म्हणजे बोटीसाठी सकाळचे आठ ते दहा किंवा संध्याकाळचे चार ते पाच. पहिल्या दिवशी पोहोचून जेवून आराम करा आणि चारला बोट करा, मुलांना आल्या आल्या पाणी दिसलेलं असतं त्यामुळे दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवणं जमत नाही.

बोटीबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण इथेच लोक निष्काळजीपणा करतात. लाइफ जॅकेट सगळ्यांना, बाबांनाही, "मला पोहता येतं" हे कारण चालवून घेऊ नका. आणि जॅकेट घातलं एवढं पुरत नाही, ते बसलंय का ते बघा. जॅकेटचे पट्टे आवळून झाले की दोन्ही खांद्यांपाशी धरून वर उचला, ते कानांपर्यंत सरकलं तर सैल आहे. लहान मुलाला मोठ्यांचं जॅकेट घातलं तर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर तरंगतं आणि मूल त्यातून खाली निसटतं. मुलीच्या मापाचं जॅकेट नसेल तर ती बोटीत नाही, ती आणि आजी काठावर, आणि यावर तिथे उभं राहून चर्चा करायची नाही, हे घरूनच ठरवून निघा. शक्य असेल तर नागपुरातूनच लहान मापाचं जॅकेट विकत घ्या, पुढची अनेक वर्षं धाकट्यांना कामाला येतं. बोटीत ठरलेल्यापेक्षा एकही माणूस जास्त बसत असेल तर पुढची फेरी धरा. मोटरबोट असेल तर नावाड्याला आधीच सांगा, "दादा, हळू न्या, पक्ष्यांच्या अंगावर नको", बहुतेक जण आनंदाने ऐकतात, त्यांना उलट बरं वाटतं की कोणाला तरी पक्षी बघायचेत.

आईंचं म्हणाल तर त्रास बोटीत बसण्याचा नसतो, चढण्या-उतरण्याचा असतो. डिसेंबरात पावसाचं पाणी अजून भरपूर असतं म्हणून बोट आणि धक्का यातलं अंतर कमी राहतं, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तीच पायरी दीड-दोन फुटांची होते. बोट धक्क्याला आडवी लावून दोघांनी धरायला सांगा, आईंना उभ्याने पाय टाकू देऊ नका, आधी धक्क्याच्या कडेला बसवा, मग पाय बोटीत, मग सरकून सीटवर. हात धरून ओढायचं नाही, त्यांनीच तुमच्या खांद्यावर हात ठेवून जोर द्यायचा. आणि हे बघूनही त्यांना नको वाटलं तर आग्रह करू नका. सुनेच्या, नातवांच्या समोर "काही होत नाही हो आई" म्हणत बसलं की बिचाऱ्या मन मोडायला नको म्हणून चढतात आणि रात्री गुडघा धरून बसतात.

पक्ष्यांकडे येते. पालक मला सांगतात की आमच्या मुलांना पक्षी बघण्यात इंटरेस्ट नाही. मुलांच्या हातात पहिल्याच मिनिटाला दुर्बीण दिली तर कोणालाच इंटरेस्ट राहणार नाही, चार वर्षांच्या मुलाला दोन डोळे एका चित्रावर आणणं सहसा जमत नाही, त्याला बहुतेक नुसतं काळं दिसतं. मुलीला घरचा कागदाचा रोल, म्हणजे पोकळ नळी, द्या, त्यातून एकच जागा बघायची. आणि तिला टिबुकली दाखवा. छोटीशी, तपकिरी, शेपटी नसल्यासारखी दिसणारी, एकदम बुडी मारते आणि पंधरा-वीस सेकंदांनी दुसरीकडेच वर येते. ती कुठून वर येणार यावर पैज लावायची, सगळ्यांनी मोठ्याने आकडे मोजायचे. माझ्या शिबिरातली सगळ्यात चुळबुळी पोरं या एका खेळावर अर्धा तास बसतात. मग वारकरी नावाचा पक्षी दाखवा, सगळा काळा आणि चोच-कपाळ पांढरंशुभ्र. त्याला उडायचं असलं की थेट उडता येत नाही, आधी पाण्यावरून फटफट पाय मारत धावत सुटतो, हे बघून मुलं हसतातच. हळदी-कुंकू बदक ओळखायला तर आजींना सांगा, काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा रंग आणि बुडाशी लाल ठिपके, एकदा बघितलं की विसरत नाही. कमळाच्या पानांवर कमळपक्षी चालत असेल तर त्याची बोटं बघा, एवढी लांब की वजन पसरतं आणि पान बुडत नाही. या पक्ष्यांत अंडी नर उबवतो, हे बाबांसाठी.

दहा वर्षांच्या मुलाला दुर्बीण द्यायला हरकत नाही. विकत घ्यायची असेल तर ८×४२, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, जास्त झूमच्या मागे लागू नका, हात हलतो आणि चित्र नाचतं. दुर्बिणीने सूर्याकडे बघायचं नाही हे त्याला आधी सांगा, पाण्यावरचा सूर्योदय बघताना मुलं नेमकं हेच करतात. त्याला काम द्या, पाच पक्षी, त्यांचं चित्र, दिसल्याची वेळ, काय करत होता ते. बाबांना वही सांभाळायला द्या. आजोबा-नातू पहाटे पाळीवर फिरायला गेले, आजी आणि नात खोलीत उशिरा उठल्या, तुम्ही दोघांनी निवांत चहा घेतला, अशी सकाळ मिळाली तर ट्रिप जमली समजा. चक्रवाक दिसला, नारिंगी-बदामी रंगाचं मोठं बदक, तर मुलाला सांगा की हा लडाख-तिबेटकडून हिवाळ्यात आलाय. आणि तिथून जवळच गोठणगावला १९७२ पासूनची तिबेटी वसाहत आहे, दुपारच्या रिकाम्या वेळात तिकडे एक चक्कर मारता येते. थंडीत नागपुरात स्वेटर विकायला बसणारे तिबेटी मुलांनी पाहिलेले असतात, त्यांची वस्ती बघायला त्यांना आवडतं. तिथे माणसं राहतात हे लक्षात ठेवून वागायचं, विचारल्याशिवाय फोटो नको.

सफारी करावी का? तर हे तुमच्या कुटुंबावर आहे. करायचीच असेल तर एक करा, दुपारची करा. डिसेंबरातली सकाळची सफारी म्हणजे उघड्या जिप्सीत गार वारा, मोठ्यांचे कान दुखतात तर लहानाचं काय. आईंना जिप्सीत चढायची उंच पायरी आणि आतले धक्के, दोन्ही वर्ज्य. म्हणजे बाबा, तुम्ही आणि मुलगा सफारीला, आई, बायको आणि मुलगी तलावावर, असं करा. मुलीला न्यायचीच असेल तर ती तीन तास शांत बसेल का याचा खरा अंदाज घ्या. बुकिंग आधी ऑनलाइन करून ठेवा आणि उद्यान आठवड्यात कोणत्या दिवशी बंद असतं ते तेव्हाच बघा. आणि वाघ दाखवतो असं पोराला अजिबात सांगू नका. जंगल बघायला चाललोय, रानगवा, चितळ, सांबर, अस्वलाची विष्ठा, झाडावरचे नखांचे ओरखडे, जे दिसेल ते आपलं, असं सांगून नेलेली मुलं खूश परत येतात, वाघ सांगून नेलेली मुलं वाघ नाही दिसला की रडतात.

दुपार मोकळी ठेवा, खरंच मोकळी. एक ते साडेतीन काही ठरवू नका. मुलगी झोपेल, आई पाय वर करून पडतील. मुलाला झोप येणार नाही, त्याला सोबत घेऊन गावाच्या बाजूला जा, उकडलेले शिंगाडे मिळाले तर घ्या, डिसेंबरात मिळतात. काळं जाड साल, दोन्ही बाजूंना शिंगं, सोलताना बोटाला टोचतं, आतून पांढरा गर निघतो. हे पाण्यावर तरंगणाऱ्या वेलीचं फळ आहे हे मुलांना माहीत नसतं, त्यांना ते बटाट्यासारखं जमिनीत येतं असं वाटतं. ढिवर बांधव, म्हणजे इथले मासेमार, जाळं विणताना किंवा सुकवताना दिसले तर पाच मिनिटं थांबा, विचारलं की ते छान सांगतात, कोणत्या माशाला किती मोठा डोळा, म्हणजे जाळ्याचं भोक, लागतो ते. तुमच्या बाबांनी गळ न्यायचा विचार केलाय असं तुम्ही लिहिलंय, तो घरीच ठेवा. राष्ट्रीय उद्यानाच्या भागात मासेमारीला परवानगी नाही, आणि आजूबाजूच्या गावतलावांत मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, ते त्यांचं पोट आहे. ताजा मासा खायचा असेल तर त्यांच्याकडून घ्या आणि जिथे राहाल तिथे रांधून मागा.

खाण्याचं फार टेन्शन घेऊ नका पण पूर्ण भरवसाही ठेवू नका. हा धानाचा पट्टा, भात उत्तम मिळतो, डिसेंबर म्हणजे तुरीच्या सोल्यांचे दिवस, सोले-वांग्याची भाजी आणि गरम भात करता का असं आधी फोन करून विचारा, घरगुती चव मिळते. लहान मुलीसाठी मात्र तिच्या सवयीचं काहीतरी घरून न्याच, तिखट-मिठाच्या पुऱ्या, चिवडा, केळी. आईंची औषधं दोन ठिकाणी वाटून ठेवा, एक संच पर्समध्ये एक बॅगेत. पेट्रोल आणि रोख पैसे साकोलीतच करून घ्या. राहायला वन विभागाच्या सोयी तलावाजवळ आहेत, बुक करताना तळमजल्याची खोली आणि कमोड आहे का हे दोन प्रश्न विचारा, बाकी सगळं चालून जातं, हे दोन नाही चालत.

रात्री थंडी चांगलीच पडते, पाणी आणि जंगल दोन्ही असल्यामुळे नागपूरपेक्षा जास्त जाणवते, कानटोपी सगळ्यांना. अंधार पडला की पाळीवर जायचं नाही, रात्री पाण्यावर जनावरं येतात. स्पीकर लावायचा नाही, जंगलाच्या जागेत शेकोटी पेटवायची नाही. राहत्या जागेच्या अंगणात पांघरूण घेऊन बसा आणि आठच्या पुढे पूर्वेकडे बघा, मृग नक्षत्र वर आलेलं असतं, मधले तीन तारे एका रेषेत, तीच रेषा खाली वाढवली की व्याध, आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. आजोबांना हे येत असेल तर त्यांनाच सांगू द्या, तुम्ही मोबाइलवरचं ॲप काढू नका.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या सांगून टाकते. तुमच्या तारखा २५ डिसेंबर ते १ जानेवारीत येत असतील तर शक्य असेल तेवढं पुढे-मागे करा, बुधवार-गुरुवार-शुक्रवार मिळाले तर उत्तम, त्या आठवड्यात कुठल्याही तलावावर गाड्यांची रांग लागते आणि तुम्हाला ज्या शांततेसाठी जायचंय तीच मिळत नाही. जानेवारी चालत असेल तर पक्ष्यांच्या दृष्टीने तोही तेवढाच चांगला. आईंचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डॉक्टरांना विचारून मगच साडेतीन तासांचा प्रवास, आणि दर तासाला गाडी थांबवून पाय सरळ करायला उतरवायचं. मुलीला गाडी लागत असेल तर निघायच्या आधी भरपेट तर्री-पोहे नकोत, हलकं काहीतरी, आणि गाडीत मोबाइल बघू द्यायचा नाही.

आणि अजूनही मनात धाकधूक असेल, पोरं तलावाशी रमतील की नाही, तर त्याआधी एका रविवारी सकाळी सातला नागपुरातल्याच गोरेवाडा किंवा अंबाझरी तलावावर जाऊन या. शिदोरी घ्या, खुर्ची घ्या आईंसाठी, कागदाचा रोल घ्या. टिबुकल्या तिथेही असतात. तासाभरात कळेल मुलगी किती वेळ बसते, बाबांना चालायला किती लागतं, आईंना खुर्ची कोणती सोयीची, आणि तेवढं बघून नवेगावचं बुकिंग करा.

परतीच्या दिवशी एकच सांगणं, सकाळची बोट ठेवू नका. भिजलेले कपडे, घाईचा नाश्ता, चेकआउट, सगळं एकत्र येतं. सकाळी नुसतं काठावर बसा, साडेनऊपर्यंत निघा, म्हणजे दुपारच्या जेवणाला भंडाऱ्यात थांबाल, मुलगी त्यापुढे गाडीतच झोपेल आणि चारच्या आत घरी पोहोचाल, आईंनाही संध्याकाळी अंथरुणावर पडायला वेळ मिळेल.